एकाच खड्ड्याची मंजुरी

पोरांनो, कान देऊन ऐका. एका मुरमाड जंगलात एक मुंगूस राहत असे. कामाला वाघ, पण काम होतं कुठं? ओढे आटले, किडामुंगी संपली आणि निम्मी जनावरं पोटामागं परमुलखात निघून गेली. मुंगसाच्या बिळात तीन पिल्लं होती. धाकट्याचे डोळेही अजून नीट उघडले नव्हते. त्याची कारभारीण म्हणायची, "आपणही जाऊ." तो म्हणायचा, "एवढ्या उन्हात धाकटं वाटेतच जाईल. कळ काढ जरा."

ही दशा सिंहाच्या दरबारात कळली. राजा दुष्ट नव्हता, फक्त लांब बसायचा. त्याने फर्मान काढलं, बिनकामाच्या जनावरांना झिरे खणायला शिकवा. झिरा म्हणजे कोरड्या नदीच्या वाळूत खणलेला खड्डा. त्यात पाणी हळूहळू पाझरतं. जो शिकेल त्याने झिरा खणावा, राखावा आणि दरबाराकडून रोज पोटभर कंद घ्यावेत. शिकवणीच्या खर्चासाठी कंदांचा ढीगही आला. ढीग दिसताच कोल्हा पुढं सरसावला. जन्मात त्याच्या नखाला माती लागली नव्हती, पण शिकवणार तोच!

शिकवणी त्याने मांडली ती दरबारापुढच्या माळावर. "नदी अर्धा कोस लांब. मोठी मंडळी बघायला तिथं कशाला तंगडतोड करतील?" सकाळी खड्डा खणायचा आणि दिवस कलला की बुजवून, तुडवून जमीन सपाट करायची, अशी त्याची रीत. हे पाहून अंगभर काटे असलेली एक म्हातारी साळू पुढं आली. तिचा जन्म झिरे खणण्यात गेला होता.

"अरे पंडिता, मुरमात कधी पाणी लागतं का? आणि संध्याकाळी बुजवता कशाला? झिरा पाणी धरतो तो ऊन उतरल्यावर!"

"आजी, मंजुरी एकाच खड्ड्याची आलीय," कोल्हा कंद चावत म्हणाला. "तो बुजवला नाही तर उद्याची तुकडी काय खणेल? आणि तुमच्याकडं शिकल्याचं पान आहे का, पान?"

साळूकडं पान नव्हतं. सगळे हसले. मुंगूसही हसला.

महिनाभर मुंगसाने जीव तोडून खणलं आणि जीव तोडून बुजवलं. त्याच्यासारखी सपाट जमीन कुणाचीच होत नसे. दरबाराच्या पंजाचा शिक्का मारलेलं पळसाचं पान पहिलं त्यालाच मिळालं. कारभारणीने ते दोनदा हुंगलं आणि म्हणाली, "आता जंगल सोडायला नको."

पुढं शेवटचं डबकंही आटलं. मुंगूस नदीत गेला, दिवसभर वाळू उपसली. दिवस कलता कलता तळाची वाळू गार लागू लागली. आणि या शहाण्याने काय करावं? शिकवलं होतं तेच केलं. खड्डा बुजवला, तुडवला, सपाट केला आणि घरी आला.

"पाणी?" कारभारणीने विचारलं.

"लागेल उद्या. काम चोख झालंय."

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तो वाळू लोटायला लागला, तशी साळू काठावरून धावत आली आणि खड्ड्यात उतरून बसली. "लोट! माझ्या अंगावर लोट!"

"आजी, बाजूला व्हा. बुजवायची वेळ झाली."

"कुणी ठरवली वेळ? मेल्या, खाली बघ!"

त्याने वाकून पाहिलं. साळूच्या पायांशी वाळूतून पाणी पाझरत होतं. बघता बघता ओंजळभर साचलं. मुंगसाने आपली झुबकेदार शेपटी त्यात भिजवली आणि तो घराकडं धावत सुटला. थोरली दोन पिल्लं शेपटी चोखू लागली. धाकट्याच्या ओठांना त्याने पाणी लावलं, ते तसंच ओघळून गेलं. कारभारणीने धाकट्याला जवळ ओढलं आणि चाटत बसली.

बातमी दरबारात गेली, तेव्हा कुठं सिंह स्वतः आला. कोल्हा आधीच हजर. "महाराज, चूक याचीच. मी शिकवलं, यानं डोकं चालवलं नाही."

सिंहाने मुंगसाला विचारलं, "काय रे, शिकवलेलं विसरलास?"

"नाही महाराज," मुंगूस म्हणाला. "एक अक्षरही विसरलो नाही. म्हणून तर पोर गेलं."

राजाची मान खाली गेली. कोल्ह्याला त्याने माळावरून हाकललं. शिकवणी नदीच्या वाळूत गेली, साळूच्या हाताखाली. मुंगूस तिथं सगळ्यांच्या मागं जाऊन बसला आणि पहिल्यापासून शिकू लागला.

तात्पर्य : काम शिकवायला कंद धाडणाऱ्याने पाणी लागलं का, हेही स्वतः जाऊन बघावं. खोटी शिकवण भुकेपेक्षा वाईट. भुकेला जीव निदान दुसरी वाट तरी शोधतो.