भिकाजीतात्यांच्या परसातला पेरू

एका गावात भिकाजीतात्या नावाचे गृहस्थ राहत. घर बेताचंच, पण परस असं की जाणारा-येणारा कुंपणापाशी घटकाभर थांबायचा. पपई, कढीलिंब, लवंगी मिरची आणि विहिरीच्या कडेला पेरू. यंदा पाऊस वेळेवर आला आणि वेळेवर गेला, त्यामुळे पेरू नुसता लगडला होता. तात्यांना आनंद झाला, पण त्यांची झोपही उडाली. सकाळी पोपट, दुपारी खारी, तिन्हीसांजेला वटवाघळं. तात्या दिवसभर पत्र्याचा डबा बडवत बसायचे. "लावणारानं खावं, बाकीच्यांनी लांबून बघावं," असं ते पाखरांना आणि माणसांना एकाच आवाजात बजावायचे.

शेजारच्या सगुणाबाईंची लेक मंजुळा पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. तिच्या पोटात अन्नच ठरत नव्हतं. चार दिवसांत पोर पार गळून गेली. पाचव्या दिवशी ती म्हणाली, "आई, पाडाचा पेरू मिठाशी खावासा वाटतोय." सगुणाबाई तशाच कुंपणाशी धावल्या.

"तात्या, एक पेरू द्या. पोरीनं चार दिवसांत आज पहिल्यांदा काही मागितलंय."

डोहाळ्यांना त्या गावात कुणी नाही म्हणत नसे. तात्यांनाही ते ठाऊक होतं. पण एकीला दिला की उद्या सगळा गाव टोपल्या घेऊन दारात येईल, असं त्यांच्या मनानं घेतलं.

"लावणारानं खावं, सगुणे. तू का नाही लावलंस एखादं झाड?"

सगुणाबाई रागावल्या नाहीत. "चुकलंच माझं," त्या म्हणाल्या. "आता लावीन. तुम्ही रोप कुठनं आणलं होतंत, कसं लावलंत, तेवढं सांगा."

तात्या सांगायला गेले, तोच त्यांना सगळं आठवलं. तालुक्याहून आणलेलं कलम त्यांनी खड्डा खणून, खत घालून लावलं होतं खरं. ते दुसऱ्या पावसाळ्यात कुजून गेलं. हा पेरू विहिरीच्या कठड्याखाली आपसूक उगवलेला. वटवाघळानं टाकलेल्या चोथ्यातलं बी रुजलं असणार. उद्या उपटू, परवा उपटू म्हणता म्हणता त्याला फुलं आली होती.

तात्यांनी परसावर नजर फिरवली. मिरची बुलबुलानं आणलेली. कढीलिंब कोकिळेनं टाकलेला. पपई कुणी पेरली देव जाणे. सगळ्यांना पाणी आभाळानं पाजलेलं. तात्यांनी स्वतः लावलेलं असं एकच काय ते शिल्लक होतं, ते म्हणजे कुंपण.

त्यांनी डबा खाली ठेवला. इतकी वर्षं इतक्यांनी आपल्याला न मागता दिलं, आणि आपण त्यांच्याच नावानं डबा बडवत बसलो, या विचारानं त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी झाडाला हात जोडले. मग चांगले टपोरे पेरू निवडून काढले आणि धोतराच्या ओच्यात घालून ते स्वतः सगुणाबाईंच्या घरी गेले.

मंजुळानं एक पेरू सावकाश, अख्खा खाल्ला. तो पोटात राहिला. थोड्या वेळानं तिनं दुसरा मागून घेतला. सगुणाबाईंनी पदरानं डोळे टिपले.

"तात्या, तुमच्या झाडानं मला वाचवलं बघा," मंजुळा म्हणाली.

"झाड माझं नव्हे, पोरी," तात्या म्हणाले. "मी फक्त ते उपटायचं विसरलो."

तात्पर्य: आपल्या परसात पिकतं ते सगळं आपण पिकवलेलं नसतं. हे ज्याला उमगलं, त्याचा हात देताना आखडत नाही.