पदवीच्या पोत्याचा तळ

तवनाप्पा शेठनी हुकूम सोडला: सूर्य मावळायच्या आत तीन पदव्यांतली खरी कोणती ते ठरवा, नाहीतर सुनेत्राचं शिक्षण बंद. रविवारी इचलकरंजीचा मुलगा तिला बघायला येईल.

सुनेत्रा म्हणजे शेठची नात. तिला तिन्हीकडे प्रवेश मिळाला, हाच तिचा गुन्हा. एक दोन वर्षांचं एमबीए, एक अकरा महिन्यांचं घाईचं एमबीए आणि एक पीजीडीएम, म्हणजे बहुतेक तेच शिकून नाव वेगळं सांगायचं. तिन्ही कॉलेजांची माणसं सकाळपासून शेठच्या सांगलीतल्या हळदीच्या पेढीवर लोडाला टेकून बसली होती. गळ्यात टाय, हातात गुळगुळीत पुस्तक आणि पुस्तकावर दात दाखवणारी पोरं.

शेठनी मुनीम, वकील, डॉक्टर जावई सगळ्यांना विचारून पाहिलं. प्रत्येकानं गंभीर चेहरा करून दुसऱ्याकडे बोट दाखवलं. चार वाजले. सुनेत्राची नखं खाऊन संपत आली.

तेवढ्यात दारात पोती शिवणारी मल्लव्वा हसली. शेठ भडकले.

"मग तूच सांग. चुकलीस तर उद्यापासून सुई-दोरा दुसऱ्या पेढीवर."

मल्लव्वानं सुई खाली ठेवली. "आण्णा, पोत्याच्या तोंडावरची हळद बघून भाव करता काय?"

"खुळी का काय? तोंडावर सगळेच चांगली लावतात. मी लोखंडी नळी तळापर्यंत खुपसून तिथली हळद काढून बघतो."

"मग ह्या पुस्तकांत सगळी तोंडावरचीच पोरं छापल्यात की."

तिनं टायवाल्यांकडे एकच मागणं केलं: गेल्या वर्षी सगळ्यांत शेवटच्या नंबरानं पास झालेल्या पोराशी बोलणं करून द्या.

पहिला म्हणाला, आमच्याकडे शेवटचा कोणी नसतोच, सगळे पहिल्या दहात. वर्गात किती, असं मल्लव्वानं विचारल्यावर एकशे वीस म्हणाला. हमालांना एकदम खोकला आला. दुसरा वरच्या साहेबांना विचारतो म्हणून फोन कानाला लावून रस्त्यावर गेला. अजून बोलतोय म्हणतात. पीजीडीएमवाल्यानं घाम पुसला, नंबर शोधला आणि स्पीकर लावला.

पोरगा नाशिककडे द्राक्षांच्या शीतगृहात होता. बिनदिक्कत म्हणाला, "होय, मीच शेवटचा. हिशेबाच्या विषयात दोनदा आपटलो. मग सरांनी सहा महिने गोदामात उभं केलं, तिथं टिकलो. नुसतं एसीत बसायचं असेल तर इकडं येऊ नका."

"तळाची अशी असंल तर पोतं घ्या, आण्णा," मल्लव्वा म्हणाली.

शेठ हट्ट सोडतात होय? त्यांनी डोळे बारीक केले. "आणि आमची पोरगी तिथं शेवटची आली तर?"

"तर ती पास झाल्यावर असा फोन तिलाच येईल. असं खरं बोलायला तेवढं शिकवून पाठवा."

शेठ इतके हसले की टोपी हळदीत पडली. इचलकरंजीला नकार गेला, सुनेत्राची बॅग भरली, आणि दुसऱ्या दिवशी पोत्यात खुपसायची ती लोखंडी नळी शेठनी सगळ्या बाजारासमोर मल्लव्वाच्या हातात दिली.