पानं टाकून दिलेली वेल

खूप पूर्वी अमरवेलीलाही हिरवी पानं असायची. एकदा ती माळावरच्या बोरीवर चढली. बोरीच्या फांदीतला गोड रस तिनं चाखला आणि आपली पानं गळू दिली.

"अगं, पानं टाकू नकोस," बोर म्हणाली. "ऊन, हवा आणि पाणी घेऊन तीच आपलं अन्न शिजवतात."

"तू शिजवतेस ना, ताई? मग एका घरात दोन चुली कशाला?" वेल हसली.

बोरीला तिची माया आली. न रागावता तिनं वेलीला रस पिऊ दिला. वेल मात्र वाढतच गेली. तिच्या पिवळ्या दोऱ्यांनी बोर पुरती झाकली, पानांपर्यंत ऊन पोचेना. पुढच्या वर्षी बोरीला पालवी फुटलीच नाही.

"ताई, भूक लागली गं."

"माझ्यात आता काही उरलं नाही. ऊन भरपूर आहे बघ, तूच शिजव."

वेलीनं खूप जोर लावला, पण एकही पान फुटेना. अंगातला हिरवा रंग केव्हाच गेला होता.

"तेव्हा मला रागवायचं तरी होतंस," ती रडत म्हणाली.

"हो गं," बोर क्षीण आवाजात म्हणाली, "तेवढं माझं चुकलं."

दोघींच्या अंगावर लख्ख ऊन पडलं होतं.