रंगरावदादांचा शब्द आणि बाटली

कुस्ती जिंकलेल्या रेवतीनं उत्तेजक द्रव्य घेतलं नाही ना, हे पाहायला तिची लघवी तपासायची होती. तपासनीस बाई बाटली घेऊन तिच्याबरोबर स्वच्छतागृहात निघाल्या, तसे तालमीचे अध्यक्ष रंगरावदादा दारातच आडवे आले.

"आत कशाला? पोरगी स्वच्छ आहे, हा माझा शब्द!"

"नमुना बदलू नये म्हणून समोर उभं राहून घेतात. नाहीतर विजय रद्द होईल."

"माझ्या शब्दावर अविश्वास?"

रेवतीनं विचारलं, "दादा, मघाशी 'पाठ टेकली' असं तुम्ही बाहेरून ओरडलात. पंचांनी लगेच कुस्ती दिली?"

"छे! पंच मातीला गाल लावून स्वतः बघतो, मगच देतो."

"तुमच्या शब्दावर अविश्वास?"

दादा दारातून सरकले आणि वर रुबाबात म्हणाले, "बाई, नीट बघा हो!"