कोणाचेच नसलेले कुरण

वेत्रनगरात महीसेन नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व जवळच्या पिप्पलग्रामात एका शेतकऱ्याच्या घरी जन्मले. वडिलांच्या मागे गावाचे प्रमुखपण त्यांच्याकडे आले.

गावाला नदीकाठी मोठे कुरण होते. सगळ्यांची गुरे तिथे चरत. ज्यांना शेत नव्हते, ते तर त्या गवतावरच जगत. राज्याचा नियम असा, की गावाने आपल्या कुरणातला काही चारा राजाच्या अश्वशाळेला द्यावा. तो वाचवण्यासाठी गावाने एक युक्ती काढली होती. पावसाळा सरला की राजाचे अधिकारी येत आणि विचारत, “हे कुरण कोणाचं?” गावकरी साळसूदपणे सांगत, “कोणाचंच नाही, पडीक आहे.” अधिकारी गेले की सगळे एकमेकांकडे पाहून हसत. हे इतके अंगवळणी पडले होते, की आपण खोटे बोलतो याचे कोणाला काही वाटेनासे झाले होते.

बोधिसत्त्व प्रमुख झाले त्याच वर्षी राजाचा मेहुणा सुसीम याने आमराईसाठी जागा मागितली. जी जमीन कोणाची नाही ती राजाची, असा कायदा होता. राजाने कुरण त्याला देऊन टाकले. सुसीमाची माणसे काटेरी कुंपण घालायला आली, तेव्हा गावाचे डोळे उघडले.

गावकरी बोधिसत्त्वांच्या अंगणात जमले. एक म्हातारा म्हणाला, “एक धोंडा उभा करू, शेंदूर फासू. देवाची जागा म्हटलं की राजा हात लावायचा नाही.” पुष्कळांनी माना डोलावल्या.

उत्पला नावाची विधवा म्हणाली, “दादा, माझ्या दोन गायी आहेत, दुसरं काही नाही. धोंडा उभा करा, नाहीतर आणखी काही करा, पण करा.”

बोधिसत्त्वांना तिची फार कणव आली. ते म्हणाले, “खोटं बोलूनच कुरण गेलं. मी राजाला खरं सांगतो.”

“मग दंड होईल,” म्हातारा म्हणाला.

“होईल,” बोधिसत्त्व म्हणाले.

राजवाड्याच्या दाराशी सुसीमाने त्यांना गाठले. “जागा पडीक होती एवढंच सभेत म्हणा. पाण्याकडचा तुकडा तुम्हाला देतो.” बोधिसत्त्व सरळ आत गेले.

त्यांनी राजाला सगळे सांगितले. गुरे चरत होती, गवत कापले जात होते, आणि चारा द्यावा लागू नये म्हणून गाव खोटे बोलत होते. “महाराज, कुरण गावाचं आहे. गावाचा प्रमुख मी आहे, तेव्हा दंड मला करा.”

राजा न्यायी होता. पण त्याला मेहुण्याचीही समजूत काढायची होती. त्याने कुरण गावाला परत दिले, अश्वशाळेला चारा देणे सुरू करायला सांगितले, आणि दंड म्हणून बोधिसत्त्वांचे शेत सुसीमाला दिले. बोधिसत्त्वांनी हात जोडले आणि ते घरी आले.

गावाला फार वाईट वाटले. सगळे मिळून त्यांच्याकडे गेले. म्हातारा म्हणाला, “आमच्यापायी तुमचं शेत गेलं. कुरणाचा नदीकडचा कोपरा तुम्ही कसायला घ्या. आम्ही एकमताने देतो.”

उत्पलाही म्हणाली, “घ्या, दादा.”

बोधिसत्त्व म्हणाले, “देऊन टाकण्याइतकं ते आपलं नाही. चारण्यापुरतं आहे.” दुसऱ्या दिवसापासून ते लोकांची गुरे राखू लागले आणि जन्मभर त्यावरच जगले.

ही कथा सांगून भगवान शास्ते विहारातल्या भिक्खूंना म्हणाले, “तेव्हाचा सुसीम म्हणजे सगळ्यांच्या ओसरीवर आपली एकट्याची जागा अडवून बसलेला हा भिक्खू. राजा म्हणजे या विहाराला जमीन देणारा गृहस्थ. उत्पला म्हणजे ओसरीवर जागा न मिळाल्याने उन्हात बसलेला तो आजारी भिक्खू. गावाचा प्रमुख मीच होतो. आणि ओसरी कोणाची असे मी विचारल्यावर गप्प राहिलेले तुम्ही सगळे, तेव्हाचे गावकरी.”

बोधिसत्त्वांनी या जन्मी सत्य-पारमिता, म्हणजे सत्याचे परिपूर्ण आचरण, पाळली.