पिकअपचा हार

गाड्यांना बोलता येत होतं, त्या काळची गोष्ट. दसऱ्याला धुमाळमामांनी आपल्या पिकअपची पूजा करून तिच्या तोंडावर झेंडूचा गच्च हार बांधला. आठवड्याभरात इंजिन चालू ठेवून गाडी उभी केली की ती थरथरायची आणि बंद पडायची.

"मालक, श्वास कोंडतोय," ती म्हणाली.

मामांनी प्लग बदलले. तरी तेच. नजरच लागली असणार, म्हणून त्यांनी आणखी एक हार चढवला. दुसऱ्याच दिवशी भाजीने भरलेली गाडी घाटात बंद पडली आणि मागे सरकू लागली. मामांनी कसाबसा ब्रेक लावला.

मेकॅनिक रेश्माताईंनी तोंडातून आत ओढलेली हवा गाळणारा एअर फिल्टर उघडला, तर आत झेंडूच्या पाकळ्या ठासून भरलेल्या. त्या काढताच इंजिन एका लयीत चालू लागलं.

"आधी सांगायचंस ना गं!" मामा म्हणाले.

"सांगत होते, मालक. तुम्ही डोळे मिटून हात जोडले होते."