कातळावरचे झुडूप आणि दयाळू अस्वल

झाडी जिथे संपते आणि उघडा कातळ सुरू होतो, अशा एका डोंगरजंगलाच्या टोकाला एक अस्वल राहत असे. त्या कातळाच्या भेगेत एक झुडूप होते. साऱ्या जंगलात तसे तेवढे एकच. वैशाखात बाकीची फुले संपली की त्याला निळी फुले येत, आणि समोरच्या कड्यावरच्या मधमाश्या पाऊस पडेपर्यंत त्या फुलांवरच आपली पिल्ले जगवत. माश्यांचा आणि अस्वलाचा एक जुना करार होता. अस्वलाने फुले सरताना एकदाच यायचे, पोळ्याचा मधाचा कोपरा घ्यायचा, पिल्लांच्या घरांना पंजा लावायचा नाही. करार तोंडीच होता. पण मुलांनो, मी उभी हयात मधाच्या आणि हिरड्याच्या व्यापारात काढली. तुम्हाला सांगतो, दोघांचेही पोट भरत असेल, तर तोंडी करार कागदापेक्षा जास्त टिकतो.

एका वर्षी अस्वलाला मधाची तल्लफ जरा लवकर, चैत्रातच आली. ते धापा टाकत कातळावर चढले आणि बघते तर काय, झुडपावर एक पान नाही! नुसत्या काड्या. फुलण्याआधी ते दरवर्षी असेच पाने टाकून उभे राही. पण अस्वल नेमके फुलांच्या वेळी येणारे, त्याने हे कधी पाहिलेच नव्हते. "अरेरे, तहानेने चालले की हे!" ते कळवळले. "इथे माझे पाय पोळतात, हे बिचारे जन्मभर कसे राहिले?" त्याची कळकळ खरी होती. पण कळकळीच्या मागोमाग आणखी एक विचार हळूच आत शिरला : झुडूप खाली ओढ्याकाठी नेले, तर माश्याही तिकडेच येतील आणि आपली ही चढण वाचेल.

अस्वलाने साळिंदराला बोलावले. साळिंदर म्हणजे हाडाचा कंत्राटदार. "काम होईल, अस्वलदादा. ओढ्याकाठचे रानकंद तेवढे माझे," तो म्हणाला. "पण मुळासकट काढ हं," अस्वलाने बजावले. "म्हणजे काय! आमच्या खोदकामाला आजवर कुणी नाव ठेवलेले नाही." कड्यावरून एक म्हातारी मधमाशी भुणभुणत आली. "अस्वलदादा, नका हो हलवू त्याला. आमची पिल्ले आहेत." "पिल्लांसाठीच तर करतोय, माशीबाई," अस्वल म्हणाले. "माझ्यावर सोडा." संध्याकाळपर्यंत झुडूप ओढ्याकाठी, काळ्या मातीत, जांभळाच्या गार सावलीत उभे राहिले.

आणि ते तरारले! हातभर फांद्या, तळव्याएवढी पाने. अस्वल येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून दाखवी. एक वानर खाली वाकून म्हणाले, "पाने झकास आहेत, दादा. मध पानांतून काढणार का?" कारण वैशाख निम्मा सरला, तरी फूल एकही नव्हते. आमच्या गावचा येसाजी भजीवाला एसटी स्टँडच्या उन्हात गाडी लावायचा. लोकांना दया आली, त्यांनी त्याला देवळामागे गार पारावर जागा करून दिली. भजी तीच, तेल तेच. पण तिथे एसटीतून उतरलेला भुकेला माणूसच येईना. झुडपाचे तसेच झाले. तापलेला दगड, मोकळे ऊन, रुक्ष वारा, हीच त्याची पेठ होती. तिकडे कड्यावर पिल्ले उपाशी मेली. उरलेल्या माश्या पोळे सोडून उडून गेल्या. मग पाऊस आला, ओढा फुगला आणि पाण्यात उभे राहून राहून झुडूपही कुजले.

अस्वलाने साळिंदराला गाठले. "मुळासकट आणलेस ना रे?" साळिंदराने काटे मिटून घेतले. "खरे सांगू? मूळ भेगेत फार खोल गेले होते. निम्मे तिथेच तुटले. तुम्ही बघत नव्हता, मी बोललो नाही." अस्वल गुरगुरले, पण तसेच धावत कातळावर गेले. भेगेतून बोटभर कोंब वर आला होता. साळिंदराला बदडावे की त्याच्या कामचुकारपणाचे आभार मानावेत, हे त्याला कळेना.

दोन पावसाळे उलटले. कोंबाचे झुडूप झाले, आणि चैत्रात त्याने सगळी पाने टाकली. अस्वलाला राहवेना. ते मोठ्या पानाच्या द्रोणात पाणी घेऊन वर आले. झुडपावर एकच मधमाशी घिरट्या घालत होती, तीच म्हातारी.

"माशीबाई, या वेळी चूक नको. सांगा, याला काय देऊ? पाणी? माती?"

"काही नको, दादा," माशी म्हणाली. "तुम्ही जरा बाजूला व्हा. तुमची सावली पडतेय त्याच्यावर."

अस्वल बाजूला झाले, आणि द्रोणातले पाणी स्वतःच पिऊन खाली उतरले. वैशाखात कड्यावर पुन्हा पोळे लागले.

तात्पर्य : ज्याला जपायचे, त्याला त्याच्या जागेसकट जपावे, आपल्याला सोसत नाही ती जागा त्याचे घर असू शकते.